आमचे धूम्रपुराण

मुख्याध्यापकाने विडी-सिगारेटीविषयी लिहावयाचे म्हणजे ते उपदेशपरच असणार, असा वाचकांचा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तो आरंभीच दूर केलेला बरा. या विषयात उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे कधीच नव्हता. प्रार्थनेनंतर मुलांना सद्वर्तनाचे चार शब्द सांगावयाचे आणि मधल्या सुटीत शाळेमागच्या बोळात उभे राहून झुरके घ्यावयाचे, हा आमचा क्रम जवळजवळ तीस वर्षे अखंड चालला. मुलांना हे ठाऊक नसावे अशी आमची समजूत होती. पुढे एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, आमचे टोपणनावच ‘इंजन’ होते.

तंबाखूशी आमचे नाते तसे दुहेरी आहे. सौ.चे माहेर निपाणीचे. तंबाखूच्या वखारी, जर्द्याचा वास आणि भल्या पहाटे मिश्री लावीत ओसरीवर बसलेल्या आजीबाई, यांत तिचे बालपण गेले. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, शरद जोशी तेथे आले, त्या दिवसांच्या गोष्टी ती अजून सांगते. आणि इकडे आम्ही बडोद्याचे. गावाच्या वायव्येस तासाभराच्या अंतरावर चरोतर लागते. ती तर विडीच्या तंबाखूचीच भूमी. त्यातला पेटलादचा मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता. म्हणजे माहेर आणि सासर, दोन्हीकडे एकच पीक. लग्न जमविणाऱ्या मध्यस्थांनी ही गोष्ट पत्रिकेत कशी पाहिली नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

नोकरीची पहिली काही वर्षे आम्ही चरोतरातल्याच एका खेड्यात काढली. तेव्हा तो भाग खेडा जिल्ह्यात होता. आणंद जिल्हा १९९७ साली वेगळा झाला. थंडी सरत आली की पानांची कापणी सुरू होई आणि वर्गात हजेरी निम्म्यावर येई. जी मुले येत त्यांतली एकदोन तरी सकाळी दहाच्या सुमारास पोट धरून बसत, ओकत, डोळे फिरवीत. विडी ओढून आली असतील, असे आम्हांस वाटे आणि आम्ही त्यांना रागावत असू. (स्वतःच्या खिशात पाकीट ठेवून, हे सांगावयास नकोच.) एकदा एका मुलीच्या आईने आम्हांस सुनावले, “साहेब, एणे बीडी नथी पीधी. झाकळमां पांदडां तोड्यां छे.” झाकळ म्हणजे दव. दवाने ओल्या झालेल्या तंबाखूच्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात भिनते आणि चक्कर, वांती, डोकेदुखी सुरू होते. या दुखण्याला हिरव्या तंबाखूचा आजार असे नाव असून अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने आपल्या गुजरातेतल्या कामकऱ्यांमध्ये त्याचा अभ्यास केलेला आहे, हे आम्हांस फार पुढे कळले. त्या मुलीची क्षमा मागावयाची राहून गेली ती राहूनच गेली.

परंतु निकोटिन कातडीतून जाते, ही गोष्ट मनात कोठेतरी रुतून बसली. ती आपल्याच कामी येईल असे मात्र वाटले नव्हते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, रेल्वेत होते. विडीखेरीज त्यांना व्यसन नव्हते. पण विडी मात्र दिवसाला दीड-दोन बंडले. २००२ साली त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. डॉक्टरांनी विडी सोडावयास सांगितली. घरी मात्र भेटावयास येणारा प्रत्येक जाणता मनुष्य वेगळेच सांगे. “इतक्या वर्षांची सवय एकदम तोडू नकोस हो, हृदयाला धक्का बसेल. हळूहळू कमी कर.” हे ऐकावयास इतके गोड होते की दादांनी ते शास्त्रवचन मानले. ते दहा विड्यांवर आले आणि तेथेच थांबले. निकेलच्या एका चपट्या डबीत रोजच्या दहा मोजून ठेवीत. २००४ साली पावसाळ्यात ते गेले. वय सत्तेचाळीस. हृदयविकाराच्या रोग्याने एकदम विडी सोडली तर हृदयाला धक्का बसतो, याला काडीचाही आधार नाही. उलट सोडणाऱ्यांचे मृत्यू न सोडणाऱ्यांहून सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. हे आम्ही नंतर वाचले. तेराव्याला आम्ही गच्चीवर जाऊन सिगारेट ओढली, हेही येथे लिहिले पाहिजे.

आमची पाळी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. बोर्डाच्या परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे कागद पाहत असता डाव्या हातात कळ आली, घाम फुटला. पुढचे सारे नेहमीचे. रुग्णवाहिका, नळी, जाळी, चार दिवसांचा मुक्काम. घरी येताना हाती जो कागद मिळाला त्यावर आठ गोळ्यांची नावे वेळांसह होती आणि खाली एक ओळ होती : धूम्रपान पूर्ण बंद. गोळी केव्हा घ्यावी, जेवणाआधी की नंतर, हे सर्व खुलासेवार. पण चौतीस वर्षांची सवय कोणत्या वेळी, कशाबरोबर बंद करावी, याविषयी एक अक्षर नव्हते. तो कागद देणाऱ्या तरुण डॉक्टरांस आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “मन घट्ट करा.”

मन एकोणीस दिवस घट्ट राहिले. विसाव्या दिवशी आम्ही शाळेच्या बाहेर पडलो आणि पानाच्या गल्ल्यापर्यंत चालत गेलो. तो गल्ला शाळेपासून बराच दूर होता, त्याचेही कारण आम्हीच. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आम्ही मुख्याध्यापक झाल्यावर शिपायाला घेऊन, टेप धरून स्वतः अंतर मोजले होते, गल्लेवाल्यास समज दिली होती आणि त्याने आपली लाकडी पेटी उचलून तीनशे फुटांपलीकडे नेली होती. आता ऊन लागत असता, छातीत नवी जाळी घेऊन ते तीनशे फूट चालताना कायद्याच्या कर्त्यांविषयी आमच्या मनात काय विचार आले ते येथे देता येत नाहीत.

एप्रिलमध्ये कन्येने पुण्याहून फोनवर सांगितले की, “बाबा, निकोटिनची च्युइंगम मिळते, ती घ्या.” भाच्याने त्याआधी ई-सिगारेटचा मार्ग सुचविला होता; पण तिच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे आणि सरकारी नोकराने त्या फंदात पडणे शोभणारे नव्हते. म्हणून आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. दोन मिलिग्रॅमची वडी चिठ्ठीविना मिळाली. पैसे घेता घेता दुकानदाराने सहज विचारले, कोणासाठी? आम्ही खरे ते सांगितले. त्याचा हात थबकला. “साहेब, हार्टवाळाने आ न चाले. निकोटिन तो सीधुं हार्ट पर जाय.” घरी आल्यावर सौ.ने भिंग घेऊन वेष्टणातला कागद वाचला. त्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती, तिचा आशय असा की, हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. सौ.ने ती पाकिटे उचलून लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात ठेवून किल्ली कमरेला लावली. “दादांचे पाहिले तेवढे पुरे,” ती म्हणाली. त्यावर आम्ही काय बोलणार?

आणि त्याच संध्याकाळी, भाजी आणावयास म्हणून बाहेर पडून, आम्ही दोन सिगारेटी ओढल्या.

वाचकांनी येथे थोडे थांबावे, कारण आमच्या सगळ्या कथेतली मूर्खपणाची जागा हीच आहे. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के भाग भयंकर चित्राने व्यापलेला असतो. सडलेला गळा, खाली मोठ्या अक्षरांत इशारा. त्या चित्राला आम्ही कधी भ्यालो नाही. पण भिंगाखेरीज न दिसणाऱ्या एका ओळीला इतके भ्यालो की दोन महिने औषध कपाटात आणि विष खिशात, अशी व्यवस्था राहिली. शिवाय ती ओळ ‘घेऊ नका’ म्हणत नव्हती, ‘विचारून घ्या’ म्हणत होती. मराठीचे एम. ए. असून ‘सल्ल्यावाचून’ या शब्दाचा अन्वय आमच्या ध्यानी आला नाही, आणि विचारावयास तर आम्ही गेलोच नाही. कारण विचारणे म्हणजे कबुली देणे : साहेब, जाळी बसविल्यावरही आम्ही ओढतो.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या मजल्यावरील वर्ग पाहावयास जिना चढत होतो, तो छातीवर तेच जुने वजन येऊन बसले. सुदैवाने नवा झटका नव्हता. तपासण्या झाल्या, जाळीही मोकळी निघाली. पण त्या दिवशी तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी आमच्याकडे पाहिले आणि वाकून नमस्कार केला. ते आमचे विद्यार्थी निघाले. (बडोद्यात जुन्या मास्तराला दुसरे कोण भेटणार?) विद्यार्थ्यापुढे खोटे बोलण्याचा आम्हांस सराव नव्हता. आम्ही सर्व सांगितले, कपाटातल्या वड्यांसह. ते हसले नाहीत. ते म्हणाले, “सर, दोन महिने तुम्ही चुकीच्या गोष्टीला भीत होतात.”

पुढे त्यांनी जे समजावून दिले ते आमच्या शब्दांत देतो. रसायनशास्त्राशी आमचा संबंध नवरसांपुरताच, तेव्हा विद्वानांनी शब्दांकडे पाहू नये.

निकोटिन निर्दोष नाही. ते नाडी जलद करते, रक्तदाब थोडा वाढविते, रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि सवय लावते ते तर तेच. परंतु हृदयाचा घात करणारे मुख्य मारेकरी धुरात असतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे आधीच अरुंद झालेल्या नळीतून जे रक्त हृदयाला पोहोचते त्यातही प्राणवायू कमी. धुरातले इतर पदार्थ रक्तवाहिनीचे अस्तर दुखवितात आणि रक्तातल्या चकत्या चिकट करतात. मग गुठळी होण्यास वेळ लागत नाही. वडीत यांपैकी काहीच नाही. राहिले निकोटिन, तर त्याच्याही येण्याची तऱ्हा वेगळी. झुरक्याबरोबर ते दहावीस सेकंदांत मेंदूत धडकते. वडीतले गालाच्या आतल्या त्वचेतून वीस-तीस मिनिटांत हळूहळू झिरपते आणि रक्तातले त्याचे प्रमाणही सिगारेट ओढणाऱ्याच्या मानाने कमीच राहते. “सर, जो मनुष्य रोज बारा सिगारेटी ओढतो तो निकोटिन घेतोच आहे,” आमचे विद्यार्थी म्हणाले. “प्रश्न निकोटिन द्यावे की नाही हा नाही. धुरासकट की धुरावाचून, हा आहे.”

ही भीती केवळ आमची किंवा दुकानदाराची नव्हे. ही वडी स्वीडनमध्ये ओव्हे फर्नो या शास्त्रज्ञाने तयार केली. पाणबुडीतल्या खलाशांना आत धूम्रपान करता येत नसे, म्हणून ते तंबाखू चघळत; त्यावरून ही कल्पना निघाली. पुढे कातडीवर चिकटवावयाची पट्टी निघाली. (चरोतरच्या त्या मुलीच्या ओल्या हातांनी जे घडे, तेच येथे मोजून-मापून.) १९९२ साली अमेरिकेत ही पट्टी नवी नवी असताना, ती लावून वर सिगारेटही ओढणाऱ्या काही जणांना हृदयविकाराचे झटके आल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि एकच घबराट उडाली. चौकशीत पट्टीवर दोष सिद्ध झाला नाही. पण बातमी जितकी दूर जाते तितके तिचे खंडन जात नाही. मग १९९६ साली तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ५८४ हृदयरोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी पट्टी, निम्म्यांना नुसतीच दिसावयास तशी, दहा आठवडे. मृत्यू, झटका, हृदयक्रिया बंद पडणे, अधिक गंभीर आजारामुळे रुग्णालयात दाखल होणे, असे जे जे घडले ते खऱ्या पट्टीच्या गटात ५.४ टक्क्यांत आणि खोट्या पट्टीच्या गटात ७.९ टक्क्यांत. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. पण पट्टीने घात केला असे म्हणावयास जागा उरली नाही. नंतरच्या अभ्यासांतही धडधड वाढणे, नाडी जलद होणे अशा तक्रारी या औषधांनी अधिक आढळल्या. गंभीर घटना निश्चितपणे वाढल्याचे दिसले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली वेष्टणावरच्या इशाऱ्यांपैकी काही सौम्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध २००९ साली आले आणि आपल्या देशाच्या यादीत २०२२ साली, म्हणजे आमच्या कपाट-प्रकरणाच्याच वर्षी.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती आणि आमच्या विद्यार्थ्यांनी ती लपविली नाही. चौदाव्या आठवड्यात खऱ्या पट्टीवाल्यांपैकी २१ टक्के लोक सिगारेटीवाचून होते आणि दुसऱ्या गटातले ९ टक्के. परंतु चोविसाव्या आठवड्यापर्यंत हा फरक १४ आणि ११ इतकाच उरला. म्हणजे वडी किंवा पट्टी तलफ बोथट करते, माणसाला सिगारेटीपासून धरून ठेवीत नाही. त्यासाठी कोणीतरी पाठीशी लागावे लागते. सरकारची एक विनामूल्य दूरध्वनी-सेवा आहे, १८००-११२-३५६. आम्हांस मात्र सौ. पुरेशी झाली.

त्यांनी मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. झटका येऊन दोन आठवडे झाले नसतील, हृदयाचे ठोके गंभीररीत्या अनियमित असतील, छातीतली कळ वाढत चालली असेल किंवा बसल्या जागी येत असेल, तर आपल्या मनाने वडी तोंडात टाकू नये. त्या अवस्थेत द्यावयाची की नाही हे डॉक्टर ठरवितात, आणि पुष्कळदा देखरेखीखाली देतातही. आमच्या झटक्याला चार महिने होऊन गेले होते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असे, म्हणून त्यांनी दोनऐवजी चार मिलिग्रॅमची वडी चिठ्ठीवर लिहून दिली. कपाटातल्यापेक्षा दुप्पट! सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला. डॉक्टरांनी तिला समोर बसवून पुन्हा सारे सांगितले. तिने तीन प्रश्न विचारले, आणि ते आमच्यापेक्षा चांगले होते.

३ जुलैला आम्ही आरंभ केला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. च्युइंगम म्हणून आम्ही ती मुलांसारखी कचाकच चावली. पाच मिनिटांत घशाशी आग, मग उचकी. ती उचकी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पुन्हा लागली. प्रतिज्ञेच्या मध्यावर सातशे मुलांसमोर. छातीही धडधडू लागली. घरी आलो तो सौ. म्हणाली, “अहो, मी सांगत नव्हते?” आम्ही घाबरून फोन केला. ती चावावयाची नसते, असे कळले. दोनचार वेळा दाताखाली धरावी, मिऱ्यासारखी चव जिभेला लागली की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यावी. चव गेली की पुन्हा दाबावी, जागा बदलावी. अर्धा तास चालते. आणि चहा घेतल्यावर पाव तास तरी घेऊ नये, कारण चहा-कॉफीने तोंडातली आम्लता बदलते आणि निकोटिन गालातून जातच नाही. ही अट सगळ्यांत कठीण. गुजरातेतल्या शाळेत चहा हा तासाच्या घंटेइतकाच नियमित असतो. आम्ही चहाच्या वेळा बदलल्या, आणि कार्यालयातल्या लेखनिकांस वाटले, साहेबांचा काही उपास चालू आहे.

पहिले सहा आठवडे दर तास-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवीत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद, असा तो क्रम. आम्हांस सोळा आठवडे लागले. मध्ये गणपतीत एकदा आरतीनंतर मित्रमंडळींत एक सिगारेट ओढली गेली. पूर्वी असे झाले असते तर सगळे संपले असे मानून आम्ही पाकीट घेतले असते. या वेळी घरी येऊन सौ.ला सांगितले आणि वडी तोंडात धरली. ती काही बोलली नाही. रात्री दूध मात्र साखरेवाचूनचे आले. त्यानंतर आजवर एकही ओढली नाही. जिना आता दोन्ही मजले एका दमात चढतो. तलफ अजूनही येते, विशेषतः निकालपत्रकांवर सह्या करताना.

गेल्या महिन्यात आमचा शिपाई, तोच टेप धरणारा, खोलीत येऊन उगाच दाराशी रेंगाळत उभा राहिला. त्याला सिगारेट-विडी नाही, पण दिवसभर मावा चालतो. ओढत नाही म्हणजे हृदयाला भय नाही, असा त्याचा समज होता. बावन्न देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, विडीने झटक्याचा धोका सिगारेटइतकाच, सुमारे तिप्पट, आणि नुसती तंबाखू चघळण्यानेही दुपटीहून अधिक वाढलेला आढळला होता. हे आम्ही त्याला पूर्वी एकदा सांगितले तेव्हा त्याने मान डोलावून पुडी सोडली होती; पुडी म्हणजे खाण्यासाठी सोडली. आता त्याच्या पत्रिकेवर अँजिओग्राफीची तारीख पडली आहे. “साहेब, पेली तमारी गोळी,” तो म्हणाला, “मने चाले?”

आम्हांस उत्तर ठाऊक असल्यासारखे वाटले, आणि म्हणूनच आम्ही ते दिले नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर त्याला घेऊन आमच्या विद्यार्थ्यांकडे जावयाचे ठरले आहे. त्याची बायकोही येणार आहे. तसे आम्हीच सुचविले. सौ.ने लोखंडी कपाटातली ती जुनी पाकिटे बाहेर काढून पाहिली, पण त्यांची मुदत उलटून गेली होती. त्याच कप्प्यात मागच्या बाजूला दादांची निकेलची डबी निघाली. तिच्यात आता ती सुया ठेवते.